सोंगट्या आमच्याकडे, बोर्ड त्यांच्याकडे

(मुळशी तालुक्यात झालेल्या एका कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘कुटुंब, शेजार आणि सलोखा’. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं. ‘सलोखा’ या शब्दावर मुलांकडून कितीतरी निबंध लिहून घेतले आणि त्यांना दहापैकी सात-सात गुणही दिले. त्या निबंधांत सगळे सण एकत्र साजरे व्हायचे, सगळे एकमेकांना शिरखुर्मा आणि पुरणपोळी द्यायचे आणि शेवटी आपला देश महान व्हायचा. आज तसा निबंध मी तुम्हाला वाचून दाखवणार नाही. आमच्या घरी शनिवारी संध्याकाळी जे खेळ होतात, त्यांच्याबद्दल सांगणार आहे. हे खेळ मध्ये चार महिने बंद पडले होते, तेही सांगणार आहे.

माझं माहेर आणि सासर दोन्ही मुळशीतच. आम्ही मणेर. माझी दादी डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन पौडपासून ताम्हिणीच्या अंगाला असलेल्या वाड्यांपर्यंत पायी फिरायची. नागपंचमीच्या आधी, गौरीच्या आधी, लग्नसराईत. इथल्या किती नवऱ्यांचा हिरवा चुडा तिने भरला असेल, याची मोजदाद नाही. पैसे कमी मिळायचे, तांदूळ जास्त. आमच्या घरात आंबेमोहोराचा वास यायचा तो शेतातून नव्हे, दादीच्या पाटीतून.

पाटीत नेहमी काही बांगड्या फुटायच्या. त्या काचा ती टाकायची नाही. आम्हा मुलींना द्यायची. काचापाणी खेळायला. इथल्या पन्नाशीच्या पुढच्या बायकांना काचापाणी सांगावं लागणार नाही. काचांचा ढीग जमिनीवर पसरायचा आणि दुसरी काच हलू न देता एकेक काच बोटाने बाजूला काढायची. हललं की डाव गेला. दादी ज्या घरी बांगड्या भरायची, त्या घरच्या पोरीही तेच खेळायच्या, तिच्याच पाटीतल्या काचांनी. आमच्याकडे खेळ विकत आणायची पद्धत नव्हती. सागरगोटे ओढ्यावरचे, चिंचोके चिंचेचे, पट खडूचा नाहीतर कोळशाचा.

त्या पटावर आम्ही चल्लस खेळायचो. काहीजण त्याला चल्लस-आठ म्हणतात. नव्या मुलांसाठी दोन मिनिटं सांगते, कारण आज चहानंतर आपण तो खेळणार आहोत. पाच आडवी, पाच उभी, अशी पंचवीस घरं काढायची. चारही बाजूंच्या मधल्या घरात फुली आणि अगदी मधोमधच्या घरात फुली. चार चिंचोके मधोमध फोडायचे, म्हणजे एक बाजू पांढरी, एक तपकिरी. ते टाकायचे. जितके पांढरे तितकी घरं चालायची. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि चार किंवा आठ पडले की पुन्हा एक पाळी. आपल्या फुलीवरून निघायचं, बाहेरची सोळा घरं फिरायची, मग आतली आठ, मग मधलं घर. वाटेत दुसऱ्याची सोंगटी सापडली तर मारायची. एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही. पण फुलीच्या घरात कोणी कोणाला मारू शकत नाही. तिथे दोघांच्या सोंगट्या एकत्र बसू शकतात.

लग्नानंतर मी हा पट सासरी आणला. आमचे हे शिलाईचं दुकान चालवायचे. दुकानाला लागूनच घर. शेजारी अण्णा आणि वहिनी. अण्णा पिरंगुटच्या बाजूला कारखान्यात नोकरीला होते, आता निवृत्त आहेत. यांना ते ‘टेलर’ म्हणतात, मला ‘बाई’ म्हणतात. शनिवारी दुपारनंतर दुकानात काम कमी असायचं, अण्णांना रविवारी सुट्टी. त्यातून शनिवारची संध्याकाळ ठरली. आधी दोघांचं बुद्धिबळ. मग बायका आल्या म्हणून चल्लस. मुलं मोठी झाली तसा कॅरम आला, सापशिडी आली, ल्युडो आला. पंचवीस-सव्वीस वर्षं हे चाललं.

शिक्षिका असल्यामुळे मला एक खोड आहे. समोर एखादी वस्तू आली की ती कुठून आली, हे शोधायचं. आमच्या त्या सतरंजीवर किती देश बसलेले असतात, हे पाहून मीच थक्क झाले.

बुद्धिबळ इथलंच, चतुरंग. ते इराणात गेलं, चतरंग झालं. अरबांकडे गेलं, शतरंज झालं. नवव्या-दहाव्या शतकात बगदादमध्ये अल-अदली आणि अस-सूली यांनी त्यावर ग्रंथ लिहिले. मग ते युरोपात गेलं. आणि परत आलेली भाषा पाहा. अण्णा यांना ‘शह’ देतात. शह म्हणजे फारसीतला शाह, राजा. ‘मात’ही तिकडचीच. वजीर, प्यादं, हेही तिकडचे शब्द. हत्ती, घोडा, उंट इथले. अण्णांनी आजवर जितक्या वेळा ‘शह’ म्हटलं असेल, तितकी फारसी आमच्या घरात कोणी बोललं नसेल.

सापशिडीचं तसंच. आपल्या मराठी परंपरेत तिला मोक्षपट म्हणतात आणि तिचं श्रेय ज्ञानेश्वरांना दिलं जातं. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे ग्रंथपाल वा. ल. मंजुळ यांनी या पटांवर संशोधन केलं. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे, वर वैकुंठ. जैनांचे पट आहेत, वैष्णवांचे आहेत, आणि सूफींचाही आहे. त्याचं नाव ‘शतरंज-उल-आरिफीन’, म्हणजे जाणत्यांचं बुद्धिबळ. त्याचं श्रेय इब्न अरबींना दिलं जातं. तोही शिड्यांचा आणि सापांचाच, शेवटी अल्लाहचं सिंहासन. मग इंग्रजांनी हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्याकडे नेला, त्यातलं वैकुंठही काढलं, सिंहासनही काढलं, आणि शंभर आकडे ठेवले. आमची नात तोच खेळते. ल्युडोही आपल्या पचिसीवरून इंग्लंडमध्ये बेतला गेला, १८९६ साली त्याचं पेटंट घेतलं गेलं, आणि आता तो मोबाइलमधून आपल्याकडे परत आलाय.

पचिसीचा भला मोठा पट फतेहपूर सिक्रीला अंगणात फरशीवरच आखलेला आहे. अकबराच्या दरबारातल्या चौपटबद्दल अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लिहिलंय. कधीकधी दोनशेहून जास्त माणसं खेळात असत, ठरलेले डाव पुरे झाल्याशिवाय कोणाला घरी जाऊ देत नसत, आणि हे काही वेळा तीन-तीन महिने चाले. बादशहा हे का करतो, याची त्याने दोन कारणं दिली आहेत. एक, माणसाची पारख होते. दुसरं, माणसांत आपुलकी येते. हे दुसरं कारण मी वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. पहिल्या कारणाचा अर्थ मात्र गेल्या वर्षी कळला. त्याच्याकडे येते.

त्याआधी एक घरातली गोष्ट. आमच्याकडे माझी खाला राहते, ऐंशीच्या पुढची. तिला चिंचोके टाकलेले आवडत नाहीत. “फासा आहे, जुगार आहे,” असं ती म्हणते. मी तिची थट्टा करत नाही. तिच्या म्हणण्याला आधार आहे. फाशांच्या नर्द या खेळाबद्दल हदीसमध्ये कडक शब्द आहेत. जुगाराबद्दल कुरआन स्पष्ट आहे. शतरंजबद्दल मात्र इमामांत एकमत नव्हतं. अनेकांनी ते निषिद्ध मानलं. इमाम शाफिईंचं म्हणणं त्यामानाने सौम्य, पैज नसेल आणि नमाज चुकत नसेल तर त्याला हराम म्हणता येत नाही, असं. अगदी आपल्या काळातही हे चालूच आहे. इराणात १९७९ च्या क्रांतीनंतर बुद्धिबळावर बंदी आली आणि १९८८ मध्ये खुद्द खोमेनींनी ती उठवली. सौदीच्या प्रमुख मुफ्तींनी बुद्धिबळ निषिद्ध असल्याचं म्हटल्याची बातमी २०१६ च्या जानेवारीत आली, आणि २०१७ च्या डिसेंबरमध्ये त्याच रियाधमध्ये जागतिक जलद स्पर्धा झाली. ती आपल्या विश्वनाथन आनंदने जिंकली.

आणि फाशाची भीती काही आपलीच नाही. महाभारत सगळं फाशावरच उभं आहे. युधिष्ठिराने राज्य लावलं, भाऊ लावले, शेवटी द्रौपदी लावली. वहिनी म्हणतात, “बाई, तुमच्या खालाचं बरोबर आहे, आमच्याकडेही दिवाळीत बापय पत्ते खेळायला बसले की माझी आई देवापुढे दिवा लावून बसायची.”

पण आमच्या घरात जुगार शिरला तो पटावरून नव्हे. खाला चिंचोक्यांवर नजर ठेवून होती आणि आमचा एक भाचा कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेला असायचा. आम्हाला वाटायचं, पोरगं अभ्यास करतंय, कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. तो पैसे लावून रमी खेळत होता. बहिणीने मोटारसायकलच्या हप्त्यांसाठी ठेवलेले पैसे गेले, तेव्हा कळलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण आमच्याकडचे पैसे त्याआधीच गेले होते. मग खालानेच फतवा काढला. म्हणाली, “चिंचोक्याने निदान समोर बसलेला माणूस दिसतो. हा कोणाशी खेळत होता?” तेव्हापासून खाला पटाजवळ बसते. खेळत नाही, पण कोणी लबाडी केली की सांगते.

आता मूळ गोष्ट.

गेल्या दीड-दोन वर्षांत आपल्या तालुक्यात काय वातावरण झालं, ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलंय आणि काहींनी सोसलंयही. मी आज कोणत्या गावाचं नाव घेणार नाही, माझ्याही नाही. आमच्याकडे एक कागद फिरला. बाहेरून आलेल्या मुसलमानांना गाळे भाड्याने देऊ नयेत, असं त्यात होतं. ‘बाहेरून आलेल्या’ असा शब्द होता. आम्ही बाहेरचे नव्हतो. माझी दादी या मातीत पुरलेली आहे. पण पावाची गाडी लावणारा पोरगा बाहेरचा होता. बारा वर्षं इथे होता, त्याची पोरं आमच्या शाळेत माझ्या हाताखाली बाराखडी शिकली होती. तो एका रात्रीत सामान बांधून गेला. जाताना तव्यावरचा उरलेला पाव आमच्या दारात ठेवून गेला.

या तालुक्यातल्या माणसाला उठून जाणं काय असतं, ते सांगावं लागू नये. १९२१ साली धरणासाठी इथली गावं पाण्याखाली जाणार म्हणून सेनापती बापटांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला. आपल्या शाळेत मी तो धडा दरवर्षी शिकवला. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा मुलं काय जोरात म्हणायची! त्या मुलांपैकी काहींच्या सह्या त्या कागदावर होत्या.

आणि अण्णांची सही होती.

आम्हाला कोणी येऊन सांगितलं नाही, तरी कळलं. गावात अशा गोष्टी कळतात. त्या शनिवारी अण्णा आले नाहीत. गुडघा दुखतोय, असा निरोप आला. पुढच्या शनिवारी पाहुणे होते. त्याच्या पुढच्या शनिवारी निरोपच आला नाही. आम्हीही विचारलं नाही. हे सतरंजीवर पट मांडायचे आणि दोन्ही बाजूंनी एकटेच खेळायचे. मी म्हणायचे, आवरा. तर म्हणायचे, “अण्णाची चाल बाकी आहे.”

गंमत अशी, की हे सगळं सुरू व्हायच्या आधी कॅरमचा बोर्ड अण्णांच्या घरी गेला होता, त्यांच्या नातवाला सुट्टी होती म्हणून. सोंगट्यांचा आणि स्ट्रायकरचा डबा मात्र आमच्या कपाटावर राहिला होता. त्यामुळे चार महिने त्यांच्याकडे बोर्ड आणि आमच्याकडे सोंगट्या. दोन्ही घरं कॅरम खेळू शकत नव्हती. मधे एक भिंत, तीही अर्धी कुडाची.

मग जुलैचा पाऊस आला. मुळशीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. ताम्हिणीकडे ढग बसले की आठ-आठ दिवस उठत नाहीत. त्या शनिवारी सकाळपासून वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही. संध्याकाळी दार वाजलं. अण्णांचा नातू, सातवीतला, डोक्यावर खताची गोणी घेऊन उभा. म्हणाला, “बाई, आजोबांनी नाही पाठवलं. मीच आलोय. सोंगट्या देता का? खूप कंटाळा आलाय.”

मी आता इथे तुम्हाला चांगलं दिसेल असं काही सांगू शकते. पण खरं सांगते. मी त्याला आत ये म्हटलं नाही. कपाटावरचा डबा काढला, त्याच्या हातात दिला आणि दार लावलं. सातवीतल्या पोरावर मी त्याच्या आजोबांच्या सहीचा राग काढला. हे आतून सगळं पाहत होते. काही बोलले नाहीत. खाला म्हणाली, “पोराला चहा तरी विचारायचा.” मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच.

अर्धा तास झाला असेल. पुन्हा दार वाजलं. यावेळी अण्णा. डोक्यावर कॅरमचा बोर्ड, त्यावर प्लास्टिकचा कागद, मागे नातू, त्याच्या मागे छत्री धरून वहिनी. अण्णा दारातूनच म्हणाले, “बाई, डब्यात राणी नाही.”

राणी नव्हतीच. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, स्ट्रायकर, सगळं होतं. शोधाशोध झाली. मेणबत्ती घेऊन कपाटाखाली पाहिलं. शेवटी नात रडायला लागली. राणी तिच्या कंपासपेटीत होती. चार महिने. आजोबा आणि अण्णाआजोबा खेळतील तेव्हा आपण काढून द्यायची, तोवर हरवू नये म्हणून तिने ती जपून ठेवली होती.

मग काय, बोर्ड आलाच होता, राणी सापडली होती. बसले सगळे. बोर्ड दमट हवेने फुगला होता, बोरिक पावडरचे गोळे झाले होते. सोंगटी सरळ जाईना. मुलं वैतागली. तेव्हा वहिनींनीच जमिनीवर खडूने पंचवीस घरं काढली आणि म्हणाल्या, “चिंचोके आहेत का, बाई?”

चार जण चार बाजूंना. वहिनी, मी, नातू आणि नात. हे आणि अण्णा शेजारी बसून सांगायला. मेणबत्ती एकच. एका तासात माझ्या तीन सोंगट्या वहिनींनी मारल्या. मला आतल्या घरात जायला एक सोंगटी मारायची होती, आणि वहिनींची सोंगटी अगदी माझ्या टप्प्यात होती. मला दोन पाहिजे होते. दोन पडले. मी त्यांची सोंगटी मारली आणि खरं सांगते, मला फार आनंद झाला. चार महिन्यांचा आनंद होता तो. वहिनी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “मारा, मारा. बरं वाटत असेल तर अजून एक मारा.” आम्ही दोघी हसलो. मग दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं, मेणबत्तीचा धूर म्हणून आम्ही ते पुसलं.

थोड्या वेळाने अण्णा यांना म्हणाले. मोठ्याने नाही, पण खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. “टेलर, त्या कागदावर मी सही केली. सगळ्यांनी केली, मी पण केली. कोणी वाचून दाखवला नाही असं सांगणार होतो तुला. पण मी वाचला होता.”

बाहेर पाऊस. कोणी काही बोललं नाही. हे म्हणाले, “माहीत आहे.” मग थांबून म्हणाले, “तो पाववाला गेला, अण्णा. त्याच्या पोरीला मी शाळेचा गणवेश शिवून देणार होतो. कापड अजून दुकानात आहे.”

अण्णा खाली पाहत राहिले. नातू म्हणाला, “आजोबा, तुमच्या सांगण्याने माझी सोंगटी मेली असती. फुलीवर थांबलो म्हणून वाचलो.” आणि पुढची पाळी झाली.

एवढंच झालं. मी यापेक्षा जास्त काही सांगितलं, तर ते पुन्हा माझ्या विद्यार्थ्यांच्या निबंधासारखं होईल. कागद रद्द झाला नाही. पाववाला परत आला नाही. एका संध्याकाळच्या खेळाने गावाचं मन बदलतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तसं झालेलं मी पाहिलेलं नाही. माणसाची पारख होते, असं अबुल फजल म्हणतो. अण्णांची पारख झाली: घाबरून सही करणारा माणूस, आणि चार महिन्यांनी पावसात डोक्यावर बोर्ड घेऊन येऊन ते कबूल करणाराही तोच माणूस. माझीही झाली. दार मी लावलं होतं.

नंतर एवढं मात्र झालं. गणपतीच्या आधी बैठक होती, तिथे कोणीतरी पुन्हा तसाच विषय काढला. अण्णा उठून म्हणाले, “मागच्या वेळी मी सही केली होती. आता करणार नाही. पुढचं बोला.” कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांच्याशी दोघे-तिघे अजून बोलत नाहीत. त्या शनिवारी ते आले तेव्हा गुडघा खरंच दुखत होता, हे मी पाहिलं.

मैत्रिणींनो, तुम्हाला एक वेगळं सांगायचंय. अजूनही अनेक घरांत पट पुरुषांच्या खोलीत आणि चहा बायकांच्या हातात असतो. हे आपल्याकडे जास्त आहे, पण फक्त आपल्याकडे नाही. १९७६ साली रोहिणी खाडिलकर ही मराठी मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरली तेव्हा केवढा वाद झाला! शेवटी जागतिक संघटनेला सांगावं लागलं, की स्त्रियांना अडवता येणार नाही. त्याच्याही आधी, १९३३ साली, ब्रिटनची महिला बुद्धिबळ विजेती कोण होती, माहीत आहे? मिस फातिमा. पंजाबातल्या सर उमर हयात खान यांच्या घरची नोकर मुलगी. त्याच घरातला मीर सुलतान खान तीन वेळा ब्रिटिश विजेता झाला, त्याने कापाब्लांकाला हरवलं, आणि २०२४ साली जागतिक संघटनेने त्याला मरणोत्तर ग्रँडमास्टर किताब दिला. फातिमाचं नाव मात्र आपल्या पोरींना कोणी सांगत नाही. २०२४ साली अमेरिकेत झालेल्या कॅरमच्या विश्वचषकात चेन्नईच्या एका रिक्षाचालकाच्या मुलीने, एम. खझिमाने, तीन सुवर्णपदकं जिंकली. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. आपल्या मुलींना आधी चहा करायला उठवू नका. त्यांची चाल बाकी असेल.

आमच्या शनिवारचे काही नियम आहेत, ते सांगते आणि थांबते. पैसे लावायचे नाहीत, एक रुपयाही नाही. फोन दाराजवळच्या टोपलीत. लहानांनी मोठ्यांना नियम समजावून सांगायचे, मोठ्यांनी ते ऐकायचे. जो हरेल तो चहा करेल, पुरुष असला तरी. अण्णांचा चहा फार गोड होतो, पण आम्ही पितो. अजान झाली की ज्याला नमाज पढायची तो उठतो, त्याची सोंगटी कोणी हलवत नाही. एकादशीला वहिनींसाठी साबुदाण्याची खिचडी वेगळ्या भांड्यात. आणि शेवटचा नियम नवा आहे, नातवाने घातलेला: ज्याच्याकडे बोर्ड, त्याच्याचकडे सोंगट्या ठेवायच्या नाहीत. बोर्ड एका घरी, डबा दुसऱ्या घरी. म्हणजे कोणालातरी दार वाजवावंच लागेल.

तो पोरगा सातवीत आहे. मी त्याला मराठीत दहापैकी दहा दिले असते.

आता माझी विनंती. मागच्या खोलीत संयोजकांनी सतरंज्या घातल्या आहेत. मी खडू आणलाय, चिंचोके फोडून आणलेत. आपल्याबरोबर आलेल्या माणसाशेजारी बसू नका. ज्यांचं नाव तुम्हाला माहीत नाही, अशा तिघांबरोबर बसा. आणि घरी जाताना आठवा, आपल्या कपाटावर शेजाऱ्याचा कोणता डबा पडून आहे.